आडवी गाडी
(प्रस्तावना)

वेल्ह्याहून केळदकडे जाताना जुलैतल्या एका सकाळी मी पडले, तेव्हा गाडीचा वेग चालत्या माणसापेक्षा फारसा जास्त नव्हता. डांबर मागे संपलं होतं. तांबड्या चिखलात ट्रॅक्टरने पाडलेली खोल चाकोरी होती. पुढचं चाक तिच्यात उतरलं, मी पाय टेकवायला गेले आणि जमीन अंदाजापेक्षा वीतभर खाली निघाली. बस, एवढंच. गाडी डाव्या कुशीवर सावकाश निजली. मला खरचटलंसुद्धा नाही. इंजिन बंद केलं, हेल्मेट काढून दगडावर ठेवलं आणि हँडल धरून गाडी उचलायला गेले. ती चार बोटं उठली आणि परत बसली. दुसऱ्या वेळी तीन बोटं. तिसऱ्या वेळी मीच बसले.

अर्ध्या तासाने म्हशी हाकत एक मामा आले. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, हातात काठी. त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एकट्याच का ताई?"

"हो."

मग त्यांची नजर पत्र्याच्या दोन पेट्यांवरून, मागच्या डब्यावरून, गार्डला आवळलेल्या पेट्रोलच्या कॅनवरून फिरली. "मग येवढं सामान कुनाचं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आम्ही दोघांनी पेट्या सोडवल्या, गाडी उभी केली, आणि मामा म्हशींच्या मागे निघून गेले. पुण्यात परतल्यावर मी गाडीला हौसेने जडवलेलं सगळं उतरवलं आणि कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर नेऊन ठेवलं. एकतीस किलो. रद्दीवाल्याने लोखंडाचे इतके, ॲल्युमिनियमचे इतके असा हिशेबही करून दाखवला. मी विकायला आलेले नाही हे त्याला पटवायला बराच वेळ लागला.

हे पुस्तक त्या काट्यावर सुरू झालं.

गाडी घेताना आपण ती नेहमी उभी पाहतो. शोरूममध्ये ती दिव्यांच्या उजेडात उभी असते, जाहिरातीत बर्फाच्या डोंगरापुढे उभी असते, मित्राच्या फोटोत कुठल्याशा खिंडीतल्या पिवळ्या पाटीशेजारी उभी असते. पण डांबर सोडून चालणारी गाडी पडतेच. मुरलेल्या माणसाचीही पडते, तो ती उचलून पुढे जातो इतकंच. म्हणून कोणती गाडी घ्यावी आणि तिला काय लावावं, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मी ती आडवी पडलेली आहे असं धरून शोधली. एकदा असं पाहायला लागलं की बरेच वाद मिटतात आणि बरीच खरेदी रद्द होते. घरच्यांना हा दुसरा भाग फार आवडतो.

ज्या गाडीबद्दल बोलायचं आहे तिला इंग्रजीत 'ड्युअल-स्पोर्ट' म्हणतात. आपल्याकडेही तोच शब्द रुळला आहे, तेव्हा मी नवा घडवत बसत नाही. नंबरप्लेट, दिवे, आरसे, हॉर्न असं कायद्याला लागणारं सगळं असलेली, डांबरावर नीट चालणारी आणि डांबर संपल्यावरही चालत राहणारी गाडी. या जातीची सुरुवात शोधायची तर १९६८ सालच्या यामाहा डीटी-१ पर्यंत मागे जावं लागतं. अडीचशे सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, हलका सांगाडा, उंच उचललेला सायलेन्सर. अमेरिकेतला माणूस आठवडाभर तिच्यावरून कामावर जाई आणि रविवारी तीच गाडी माळरानात घालत असे. तोवर हौशी लोक रस्त्याच्या गाड्याच कापून-ठोकून रानात नेत होते. डीटी-१ कारखान्यातूनच तशी बाहेर आली.

दुसरा फाटा फुटला तो जर्मनीत. १९८० साली बीएमडब्ल्यूने आठशे सीसीची आर ८० जी/एस काढली. त्या दोन अक्षरांतलं एक खडतर जमिनीचं, दुसरं रस्त्याचं. मोठं इंजिन, लांबचा पल्ला, मागे सामान. त्याच सुमारास पॅरिसहून आफ्रिकेतल्या डाकारपर्यंत जाणारी शर्यत गाजू लागली होती. डिसेंबर १९७८ मध्ये निघालेली पहिली शर्यत सिरिल नवू याने एका सिलिंडरच्या यामाहा एक्सटी ५०० वर जिंकली, आणि १९८१ साली उबेर ओरिओल बीएमडब्ल्यू घेऊन पहिला आला. तेव्हापासून हे घराणं दोन वाड्यांत राहतं. एका वाड्यात हलक्या, उंच, काटक गाड्या, दुसऱ्यात भारदस्त, आरामशीर, महागड्या गाड्या. आपल्या डोळ्यांपुढे 'ॲडव्हेंचर बाइक' म्हणून जे चित्र येतं ते या दुसऱ्या वाड्यातलं. वाईट गाड्या नव्हेत त्या. पण आर १२५० जीएससारखी गाडी टाकी भरल्यावर २४९ किलो भरते, आणि वरंध घाटाच्या एखाद्या आडवाटेला ती आडवी झाली तर म्हशीवाल्या एका मामांनी भागायचं नाही, अख्खी वाडी बोलवावी लागेल.

भारतात हा सगळा मामला फार उशिरा आला. तोवर ज्याच्याकडे जी गाडी होती तीच सगळीकडे जात असे. बुलेट लडाखला जाई, येझदी कोकणात उतरे, राजदूत उसाच्या बांधावरून. २०११ साली हिरोने दीडशे सीसीची इम्पल्स आणली. उंच, हलकी, लांब फोर्कची. लोकांनी ती पाहिली, 'दीडशे सीसीला एवढे पैसे?' म्हणाले आणि पल्सर घेऊन घरी गेले. काही वर्षांत ती बंद पडली. ज्यांनी तेव्हा घेतली ते आजही ती विकत नाहीत, यावरून काय ते समजावं. मग २०१६ मध्ये रॉयल एन्फील्डची ४११ सीसीची हिमालयन आली, २०१९ मध्ये हिरोची एक्सपल्स २००, २०२० मध्ये आपल्या चाकणच्या कारखान्यात बनणारी केटीएम ३९० ॲडव्हेंचर आणि २०२३ च्या अखेरीस ४५२ सीसीची नवी हिमालयन. मधल्या काळात, २०१५ साली, सी. एस. संतोष डाकार शर्यत पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला होता. आता निवडायला गाड्या आहेत, आणि म्हणूनच गोंधळही आहे.

या गोंधळात पहिला प्रश्न विचारला जातो तो सीसीचा. तो मी शेवटी ठेवते. पहिला प्रश्न वजनाचा.

एक्सपल्स २०० चं वजन १५५ किलोच्या आसपास, जुन्या हिमालयनचं दोनशेच्या जवळ, नव्या हिमालयनचं १९६. कागदावर हा फरक चाळीसएक किलोचा दिसतो. चिखलात तोच फरक 'उचलते आणि निघते' आणि 'बसते आणि वाट पाहते' एवढा होतो. वजन कुठे आहे हेही पाहायचं. पंधरा लिटरची टाकी काठोकाठ भरली की अकरा किलो पेट्रोल गाडीच्या सगळ्यात उंच जागी जाऊन बसतं. तेवढंच वजन इंजिनाच्या खाली असतं तर जाणवलंही नसतं. म्हणून दोन गाड्यांचं वजन सारखं असूनही एक हाताला हलकी आणि दुसरी जड लागते. हे आकड्यांत सापडत नाही, गाडी हलवून पाहावी लागते.

शोरूमवाला तुम्हाला नवी गाडी आडवी पाडून पाहू देणार नाही, हे उघड आहे. त्यासाठी मित्र लागतात. ज्याच्याकडे तुम्हाला हवी ती गाडी आहे त्याला चहा पाजा, मऊ मातीच्या मैदानावर न्या, जुनी सतरंजी अंथरा आणि त्याच्या संमतीने गाडी हळूच आडवी करा. मग उचला. हँडल ओढून नव्हे. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवायचं, पाठ सीटला टेकवून खाली बसायचं, एक हात हँडलच्या खालच्या टोकाला आणि दुसरा मागच्या सांगाड्याला धरून, पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर मागे मागे पावलं टाकत उठायचं. गाडी उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधी साइड स्टँड उघडून ठेवायचं, नाहीतर ती सरळ होऊन पलीकडे पडते आणि पुन्हा पहिल्यापासून. पहिलीच वीतभर अवघड असते, पुढे वजन हलकं होत जातं. दमलेलं असताना हे तीनदा लागोपाठ जमलं तर गाडी तुमची. एकदाच जमलं तर ती दोघांची आहे, एकटं फिरायची नाही.

दुसरा प्रश्न उंचीचा, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझी उंची पाच फूट दोन इंच आहे. जुन्या हिमालयनची सीट जमिनीपासून ८०० मिलिमीटर, एक्सपल्सची ८२३, नव्या हिमालयनची ८२५ आणि २०२० च्या केटीएम ३९० ॲडव्हेंचरची ८५५. या आकड्यांनी मराठी माणसाला, विशेषतः मराठी बाईला, जितकं घाबरवलं आहे तितकं दुसऱ्या कशानेच नसेल. पण सीटची उंची म्हणजे पूर्ण गोष्ट नव्हे. सीट पुढे निमुळती असेल तर पाय सरळ खाली जातात, रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि उंची वाढल्यासारखी होते. आपण बसलो की शॉक काही बोटं दबतो. दोन्ही पाय टेकायलाच हवेत असंही नाही. सीटवरून एका बाजूला सरकून एक पाय पूर्ण टेकला तरी काम होतं. ज्या बुटांत गाडी चालवणार त्याच बुटांत बसून पाहा. चपलेने मोजलेली उंची खोटी असते.

एक मोह मात्र आवरायला हवा. पुष्कळ जण मागच्या शॉकची जोडणी बदलून गाडी बसवून घेतात. पाय टेकतात, पण इंजिनाखालचं अंतर तेवढंच कमी होतं. ज्या दगडावरून गाडी अलगद गेली असती त्याच दगडाला आता पोट घासतं. त्यापेक्षा सीटचा फोम पातळ करून घ्यावा. बूड दुखेल, पण बूड आपलं, इंजिन विकतचं.

तिसरी गोष्ट चाकं. पुढचं चाक २१ इंची का असतं? मोठ्या चाकाला खड्डा आणि दगड लहान वाटतो. बैलगाडीचं चाक आठवा. शिवाय ते अरुंद असतं, त्यामुळे चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोचतं. १९ इंची चाक रस्त्यावर वळणाला चपळ, रानात थोडं कमी. १७ इंची रस्त्याचंच. मागे १७ किंवा १८. सह्याद्रीत फिरणाऱ्याने पुढे २१ घ्यावं असं माझं मत आहे, आणि ते मी फारसं बदलणार नाही. तारांचं चाक दणका खाऊन वाकतं, पण गावातला सायकलवालासुद्धा तारा आवळून त्याचा आऊट काढून देतो. ओतीव मॅगव्हीलला तडा गेला की प्रवास तिथेच संपला. उलट तारांच्या बहुतेक चाकांत ट्यूब असते, आणि ट्यूब म्हणजे पंक्चर काढताना चाक उतरवणं आलं. इथे आपल्या देशातली एक गंमत ध्यानात ठेवावी. १८ इंची ट्यूब कुठल्याही पंक्चरवाल्याकडे मिळते, कारण स्प्लेंडरची दोन्ही चाकं तेवढीच. २१ इंची ट्यूब तालुक्याच्या गावीही मिळेलच असं नाही. म्हणून सामानात जागा एकाच ट्यूबला असेल तर २१ ची न्यावी. अडलं तर तीच मागच्या १८ इंची टायरमध्ये दुमडून कोंबून घरापर्यंत येता येतं.

आता सीसी. ताम्हिणीत किंवा आंबेनळीत तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर असता. त्या खालच्या आडवाटांवर पहिल्या. तिथे अठरा हॉर्सपॉवरही पुरून उरते. लांबच्या सपाट हायवेवर मात्र दोनशे सीसीची गाडी ऐंशीच्या पुढे तक्रार करू लागते, आणि पुण्याहून लडाख गाठायचं तर आठवडाभर ती तक्रार ऐकावी लागते. (मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदीच आहे, तेव्हा 'मला एक्सप्रेस वेसाठी मोठी गाडी हवी' हे कारण घरी चालणार नाही.) मनालीहून लेहला जाताना तांगलांग ला ही खिंड ५,३२८ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास राहतो. इंजिनाला माणसासारखाच दम लागतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल तेवढंच आणि हवा कमी, म्हणून प्लग काळा पडतो. फ्युएल इंजेक्शन पेट्रोलचं प्रमाण सांभाळतं, पण नसलेली हवा कुठून आणणार? अठरा हॉर्सपॉवरची गाडी तिथे दहाचीच उरते. चारशे सीसीला तिथे अर्थ आहे. पण तिथेही पेट्या, डबे, गार्ड यांचं ओझं लादलं की जास्तीचे सीसी ते ओझं वाहण्यातच खर्ची पडतात, आणि आपण निघालो होतो तिथेच परत येतो.

तर गाडी ठरली असं समजू. आता तिला काय लावायचं?

आधी गाडीला नाही, स्वतःला. आयएसआयचा शिक्का असलेलं, पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट तर हवंच, त्याबद्दल लिहायला लागू नये. पण त्यानंतरचा पहिला पैसा बुटांना. पडलेल्या गाडीखाली सापडतो तो पाय, आणि पायात असतात पावसाळी सँडल. मी एका सहलीत सात जणांचे पाय मोजले होते. गाड्यांवर मिळून सहा जास्तीचे दिवे होते आणि घोटा झाकणारे बूट दोन जोड. घोट्याच्या वर जाणारे कडक बूट, गुडघ्याचे गार्ड, मग हातमोजे. यातून पैसे उरले तर गाडीचा विचार.

गाडीसाठी पहिली वस्तू म्हणजे हँडगार्ड, आणि तो आतून ॲल्युमिनियमची पट्टी असलेला. नुसत्या प्लास्टिकचा गार्ड वारा अडवतो, पडल्यावर क्लचचा दांडा वाचवत नाही. क्लचचा दांडा तुटला की बाकी गाडी शाबूत असूनही निरुपयोगी. अगदी फुकटचा एक उपाय: दोन्ही लिव्हरचे क्लॅम्प इतकेच आवळावेत की रोज वापरताना हलणार नाहीत, पण दणका बसला तर फिरतील. फिरलेली लिव्हर हाताने जागेवर येते.

दुसरी बॅश प्लेट, म्हणजे इंजिनाच्या पोटाखालचा जाड पत्रा. हिमालयन आणि एक्सपल्सला ती मुळातच असते. जांभ्या दगडाच्या वाटेवर ती नसेल तर ऑइलचा नट एक दिवस तिथेच राहतो. प्लेट आणि इंजिन यांच्यामध्ये चिखल साचून विटेसारखा वाळतो, तो काढत राहायचा, नाहीतर इंजिन तापतं.

क्रॅश गार्डबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही. आपल्याकडे गार्ड जितका रुंद तितका भारी, अशी समजूत आहे. रुंद गार्ड करवंदीच्या जाळीत अडकतो, दगडाला ठेचकाळतो, आणि पडल्यावर सगळा मार सांगाड्याच्या एका बोल्टला देतो. मी एका दुकानातून मोठ्या विश्वासाने बसवून घेतलेला गार्ड दुसऱ्याच पडण्यात आत वाकून टाकीला लागला. अरुंद, इंजिनालगत बसणारा आणि तीन-चार ठिकाणी धरलेला गार्ड पुरतो.

टायरचं प्रकरण या पुस्तकात सगळ्यात मोठं आहे, म्हणून इथे दोनच गोष्टी. मोठ्या गोट्यांचे नॉबी टायर चिखलात देवासारखे धावून येतात आणि ओल्या डांबरावर, विशेषतः वळणात, घात करतात. एक महिना वहीत लिहून ठेवा की किती किलोमीटर डांबर आणि किती माती. माझ्या पहिल्या महिन्याच्या वहीत मातीचा आकडा शंभरात सहा निघाला होता. सहा टक्क्यांसाठी चौऱ्याण्णव टक्के घसरायचं कारण नाही. दुसरी गोष्ट हवा. नवे टायर घेण्याआधी आहे त्या टायरमधली हवा कमी करून पाहा. तीसच्या जागी बावीस-चोवीस केली तरी टायर जमीन धरू लागतो. फार खाली गेलात तर दगडावर रिमखाली ट्यूब चिमटते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. डांबर लागलं की परत भरायची, म्हणून छोटा पंप बरोबर हवा.

मराठवाड्या-विदर्भातल्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना, कारण अशी पुस्तकं लिहिणारे आम्ही सगळे घाटाकडचे. काळ्या रानात पावसानंतर टायरला लगडलेली चिकण माती चाकाला बिलगलेल्या मडगार्डमध्ये भरते आणि पुढचं चाक चक्क जाम होतं. मग काठीने माती उकरायची, शंभर पावलं जायचं, पुन्हा उकरायची. तिथे चाकापासून उंच असलेलं मडगार्ड ही चैन नव्हे. आणि त्याहून सोपं म्हणजे, पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस थांबणं.

सामान लादण्यात मी कोणाला गुरू मानत असेन तर दूधवाल्याला. एम-८० वर किंवा राजदूतवर दोन्ही बाजूंना कँड अडकवून तो माणूस ज्या पायवाटांनी उतरतो तिथे आपण गाडी ढकलत नेऊ. त्याचे कँड खाली असतात, दोन्हीकडे सारखे असतात, आणि मागच्या चाकाच्या फार मागे जात नाहीत. उंच, एकांगी आणि मागे, ही सामान बांधण्याची तीन पापं. मागचा डबा ही तिन्ही एकाच वेळी करू शकतो. पुढचं चाक हलकं होतं आणि चढावर दिशा सोडतं. पत्र्याच्या पेट्यांचा धोका वेगळा. चिखलात आपण पाय टेकत जातो, पाय मागे पडतो आणि पेटीचा कोपरा पोटरीवर येतो. कापडी, जलरोधक बॅगा घ्या. त्या पडल्यावर वाकतात आणि पाय मोडत नाहीत.

पेट्रोलच्या कॅनचा हिशेब एकदा मांडून टाकते. मनाली-लेह रस्त्यावर तांडीच्या पंपाची पाटी प्रसिद्ध आहे: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. ती पाटी पाहून माणसं दहा-दहा लिटर पेट्रोल गाडीला बांधतात. पंधरा लिटरची टाकी आणि लिटरला तीसचं ॲव्हरेज धरलं तर सव्वाबारा लिटर लागतं. चढ, खालचे गिअर, विरळ हवा धरून ॲव्हरेज पंचवीसवर आणलं तरी साडेचौदा. टाकीत बसतं, पण काठावर. म्हणजे पाच लिटरचा एक कॅन तिथे शहाणपणाचा. महाराष्ट्रात तो कुठेच नको. मी केळदला कॅन बांधून गेले होते. वेल्ह्यापासून. म्हणून तर मामांनी विचारलं.

हत्यारांची यादी पुस्तकाच्या शेवटी आहे. तिच्यातली एक युक्ती इथे सांगते, कारण ती मला एका गॅरेजमधल्या पोऱ्याने शिकवली आणि मला ती अजून सुंदर वाटते. जास्तीची क्लच केबल पिशवीत ठेवायची नाही. जुन्या केबलच्या शेजारूनच पूर्ण वाटेने घालून, दोन्ही टोकं बांधून ठेवायची. जुनी तुटली की टाकी न काढता पाच मिनिटांत टोकं बदलायची. बाकी एम-सील, जुन्या ट्यूबचे कापलेले पट्टे, चेनची एक कडी, फ्यूज.

कायद्याचंही थोडं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. बॅगा अडकवण्यासाठी लोक पहिल्यांदा साडीगार्ड काढतात. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून ती आडकाठी नियमातच आहे. मागे ओढणीवाली मैत्रीण बसणार असेल तर नियम नसता तरी काढू नका. सायलेन्सर बदलण्याबद्दल मी काही लिहिलेलं नाही. ज्या वाडीतून आपण जातो तिथे दुपारी कोणाचं तरी तान्हं मूल झोपलेलं असतं. आणि पठारावरच्या सड्यांवर, कितीही मोकळे दिसले तरी, गाडी घालायची नाही. तिथल्या वीतभर मातीत पावसाळ्यात जे उगवतं ते टायरच्या एका फेरीनंतर पुढच्या वर्षी उगवत नाही.

पुस्तकाची प्रकरणं वाटेल त्या क्रमाने वाचायला हरकत नाही. किमती कुठेच दिलेल्या नाहीत, छापून होईपर्यंत त्या जुन्या होतात. दोन ठिकाणी माझी मतं एकमेकांशी भांडताना दिसतील. ती वेगवेगळ्या वर्षी लिहिली आहेत, आणि दोन्ही वर्षी मी पडले होते.

मामांचं नाव विचारायचं तेव्हा सुचलं नाही. पुढच्या जुलैत त्यांना भेटायचं म्हणून त्याच वाटेने गेले. पेट्या नव्हत्या, कॅन नव्हता, मागे एक कापडी पिशवी आणि तिच्यात त्यांच्यासाठी घेतलेला चहा-साखरेचा पुडा. चाकोरी तिथेच होती, आणखी खोल झालेली. मी तिथेच पडले. हँडल वळवलं, पाठ टेकवली, दुसऱ्या झटक्यात गाडी उभी राहिली. मामा दिसले नाहीत. म्हशी होत्या.